हतनूर ते यावल: रानपक्षी त्यांच्या जागेसकट रंगवताना

हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवरचे हिवाळी पाहुणे आणि यावलच्या जंगलातला रानपिंगळा अशी जलरंगातली चित्रमालिका ऑक्टोबरात हाती घेतली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती जळगावात भिंतीवर लागली. खान्देशात पक्ष्यांचे फोटो काढणारे आता पुष्कळ झालेत, रंगवणारे मात्र फार थोडे. त्यामुळे परवानगी कुठली घ्यायची, कागद कोणता, मे महिन्यात वॉश (पातळ रंगाचा सलग थर) टिकवायचा कसा, फ्रेमवाल्याला नेमकं काय सांगायचं, हे विचारायला माणूस सापडत नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहितोय. खर्चाचे आकडे मला पडले ते आहेत, दुकानागणिक थोडे इकडे-तिकडे होतील.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जागा आधी ठरवायची, पक्षी नंतर. जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर पक्षी कमालीचे अचूक रंगवायचा, पण मागची जमीन बहुतेक वेळा कोरी किंवा नावापुरती. ओळख पटवायच्या पुस्तकासाठी तीच रीत योग्य. स्वीडनच्या ब्रूनो लिलिएफोर्सने (१८६०–१९३९) दुसरी वाट धरली. त्याचा पक्षी गवतात, बर्फात, पाण्याच्या उजेडात मिसळलेला असतो, आणि कधी कधी तर शोधावा लागतो. आपल्याला या दुसऱ्या वाटेने जायचं असेल, तर फोटोतला पक्षी कापून मागे डोंगर चिकटवला की काम झालं, असं होत नाही. का होत नाही ते पुढे येईलच.

सुरुवात कागदपत्रांपासून. हतनूर हे अभयारण्य नाही. बॅकवॉटरच्या काठावर बसून रेखाटायला वेगळी परवानगी लागत नाही, पण धरणाची भिंत, दरवाजे आणि त्यालगतचा भाग हा वेगळा मामला आहे; तिथे कॅमेरा, दुर्बीण, ट्रायपॉड घेऊन विनापरवाना जाऊ नये. पाटबंधारे खात्याच्या उपविभागाला एक साधं पत्र दिलं: नाव, आधारची प्रत, कुठल्या महिन्यांत, कुठल्या काठाला, कशासाठी. पत्राच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. उत्तर येवो न येवो, कुणी हटकलं तर तो शिक्का दाखवता येतो.

यावल अभयारण्याचं तसं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात कुठल्या कामासाठी प्रवेश देता येतो त्याची यादीच आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसांशी असलेला कायदेशीर व्यवहार. चित्रकला त्यात नाही. संशोधन म्हणून अर्ज केला तर संस्थेचं पत्र, आराखडा, अहवाल असं लचांड मागे लागतं. म्हणून पर्यटन या सदरात अर्ज करावा, आणि मजकुरात दोन ओळी स्पष्ट घालाव्यात: 'केवळ पेन्सिल व जलरंगाने रेखाटन करणार. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणार नाही, घरट्यांजवळ जाणार नाही.' या दोन ओळींनी समोरच्याचा निम्मा संशय जातो. सोबत गाडीचा क्रमांक, बरोबरच्या माणसांची नावं आणि तारखांचा एक पट्टा द्यावा. एकच तारीख देऊ नये. ढग आले की ती वाया जाते आणि पुन्हा अर्ज.

७ ऑक्टोबरला अर्ज दिला, होकार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाला. मध्ये दिवाळीची सुट्टी आणि दौरे. फोनवर 'टेबलावर आहे' हे एकच उत्तर मिळत होतं, आणि हिवाळा सरून जातो की काय अशी धाकधूक वाटायची. अर्ज सप्टेंबरातच टाकलेला बरा. प्रवेश शुल्क आणि कॅमेऱ्याचं शुल्क नाक्यावर वेगळं भरायचं असतं. स्केचबुकाला शुल्क नाही. स्थानिक वाटाड्याला दिवसाचे पाचशे रुपये दिले. त्यात घासाघीस करू नये, सालईच्या कुठल्या खोडात ढोली आहे हे त्याला माहीत असतं.

हतनूरला पक्षी कधी? तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवला होतो, तिथून खाली धरणापर्यंत पाणी पसरलेलं असतं. पावसाळ्यानंतर पाणी भरलेलं असताना काठ खोल असतो, म्हणून ऑक्टोबरात बदकं लांब मध्यावर दिसतात. पाणी ओसरून चिखलाचा पट्टा उघडा पडायला लागला की खरी मजा. वारकरी, तलवार बदक, चक्रवाक हे पाणपक्षी आधी येतात. पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, पुढे नुसतं कदंब म्हणतो) डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात नीट दिसतात. ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर असते. त्यात हरभरा, गहू उगवलेला असतो, आणि कदंबांचे थवे तिथे चरायला उतरतात. म्हणजे चित्राची जागा ठरली: पुढे हरभऱ्याचे वाफे, मग ओल्या गाळाचा करडा पट्टा, मग पाणी, पलीकडच्या काठावर वेडी बाभूळ आणि बेशरमाची झुडपं, आणि उत्तरेला सातपुड्याची फिकी निळी रेघ.

कुठल्या काठावर बसायचं याने चित्राचा सगळा स्वभाव ठरतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तो आपल्याकडे पंचेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. दक्षिण काठावर बसून उत्तरेकडे पाहिलं तर ऊन पाठीमागून येतं, पक्ष्याचे रंग स्वच्छ दिसतात, मागे सातपुडा येतो, पण सावली कमी म्हणून पक्षी चपटा दिसायची भीती. उत्तर काठावरून दक्षिणेकडे पाहिलं तर पाणी चांदीसारखं चमकतं, पक्ष्यांच्या काळ्या आकृत्या उठतात, रंग जवळपास जातात. मला सकाळी पावणेआठ ते साडेनऊ, दक्षिण काठ, ऊन उजव्या खांद्यावरून, ही वेळ सगळ्यात उपयोगाची वाटली. साडेनऊनंतर हिवाळ्यातसुद्धा जमिनीलगतची हवा तापून थरथरायला लागते. स्कोपमधून, म्हणजे ट्रायपॉडवरच्या एकनळी दुर्बिणीतून, शंभर मीटरपलीकडची चोच नाचते. मग तपशील सोडा आणि जागा रंगवा.

सामान फार नको. ८×४२ ची दुर्बीण (आठ-दहा हजारांत बरी मिळते), जमल्यास २०–६० पट झूमचा स्कोप आणि जड ट्रायपॉड, ए-५ आकाराची जाड कागदाची वही, ०.७ ची २बी क्लच पेन्सिल, बारा रंगांची छोटी डबी, पाण्याचा ब्रश, घडीचं स्टूल, टोपी. स्कोप महाग वाटला तर सुरुवातीला दुर्बिणीवर भागतं. त्याच पैशात चांगला कागद घ्या. कपडे मळखाऊ रंगाचे असावेत. पांढरा सदरा घालून काठावर गेलं की सगळा थवा पन्नास पावलं आधीच सरकतो.

काठावर गेल्यावर पहिलं काम शेतकऱ्याला भेटायचं. गाळपेरीच्या जमिनीवर कुणी काडी आडवी धरून मापं घ्यायला लागलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. "काय मोजू राह्यले भाऊ? सर्वे आला का?" असा प्रश्न आलाच. वही उघडून दाखवली, "कदंबांची चित्रं काढतोय दादा" म्हटलं, आणि मग त्यांनीच थवा पहाटे कुठल्या वाफ्यात उतरतो ते सांगितलं. कदंब हरभरा खातात म्हणून काही जण त्यांना हाकलतात, तेही तेव्हाच कळतं. म्हणून कुणाच्या पिकातून चालत जाऊ नये, बांधावरूनच जावं.

आता मापांविषयी. चित्र फसण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. पट्टकदंबाची लांबी साधारण ७५ सेंटीमीटर. तो ६० मीटरवर असेल आणि तुम्ही हात लांब करून डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर पट्टी धरली, तर पट्टीवर तो साडेसात मिलिमीटर भरतो. चित्रात तुम्हाला तो ४ सेंटीमीटरचा हवा असेल, तर तुम्ही अकरा मीटरवर बसला आहात असं चित्र सांगतं. खोटं बोलायला हरकत नाही, पण मग सगळ्यांनी तेच खोटं बोलायला हवं. त्याच्या शेजारचं ४० सेंटीमीटर उंचीचं हरभऱ्याचं झाड दोन सेंटीमीटरच्या वर दिसलं पाहिजे, ढेकळं त्या मापाने मोठी झाली पाहिजेत. सातपुडा मात्र तेवढाच राहतो. पट्टीवर त्याची उंची सेंटीमीटरच्या आतबाहेर भरते, आणि साठ मीटरवरून अकरा मीटरवर सरकलात तरी त्यात काही फरक पडत नाही. ४०० मिमीच्या लेन्सने काढलेल्या फोटोत पक्षी आणि डोंगर दोघेही ५० मिमीच्या मानाने आठपट मोठे येतात. तो डोंगर तसाच उचलला की तापीकाठावर एकदम हिमालय उभा राहतो. म्हणून जागेचं रेखाटन नेहमी उघड्या डोळ्यांनी करायचं आणि दुर्बीण फक्त पक्ष्याच्या तपशिलासाठी वापरायची. माझ्या वहीत डावं पान जागेचं आणि उजवं पक्ष्याचं असतं.

दुसरं माप डोळ्याच्या उंचीचं. घडीच्या स्टुलावर बसलं की डोळे जमिनीपासून साधारण एक मीटर, थोडं वर. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा सगळीकडे तुमच्या डोळ्याच्या उंचीवरूनच जाते. त्यामुळे मीटरभर उंचीच्या चित्रबलाक करकोच्याचा माथा, तो जवळ असो की लांब, क्षितिजाला जेमतेम टेकतो. कदंब त्याहून बुटका, तो नेहमी क्षितिजाच्या खालीच राहील. पुढचा कदंब क्षितिजाच्या वर डोकं काढतोय आणि मागचा खाली आहे, असं चित्रात झालं की बघणाऱ्याला काहीतरी बिनसलंय एवढं कळतं, काय ते सांगता येत नाही. बांधावर उभं राहून काढलेल्या फोटोंत क्षितिज पक्ष्यांच्या कितीतरी वर जातं आणि पाठी जास्त दिसतात. बांधावरचा पक्षी आणि स्टुलावरची जागा एका चित्रात कधीच जुळत नाहीत.

थव्याच्या हालचालीतूनही एक गोष्ट शिकायला मिळते. सगळ्या माना सरळ वर ताणलेल्या असतील तर थवा घाबरलेला आहे, आणि घाबरवणारे बहुधा तुम्हीच. निवांत थव्यात बहुतेक माना खाली चरत असतात, एखाद-दुसरा पहारेकरी मान उंच करून उभा, काही एका पायावर, काहींची चोच पाठीच्या पिसांत. पंधरा-वीस मिनिटं न हलता बसलं की थवा मूळपदावर येतो. तोपर्यंत पेन्सिल जागेवर चालवायची. पक्षी काढताना पिसं मोजू नयेत. आधी अंड्यासारख्या धडाचा कल, मग मानेचा कोन, मग पाय. आपल्याला जो गुडघा मागे वाकलेला वाटतो तो घोटा असतो. खरा गुडघा पोटाच्या पिसांत लपलेला. एका पायावर उभ्या पक्ष्याचं पाऊल शरीराच्या वजनाच्या मध्याखाली आलं पाहिजे, नाहीतर तो पडताना दिसतो. पाच रेषांचं रेखाटन अर्धवट सुटलं तर सुटू द्यावं. तीच मुद्रा दहा मिनिटांनी दुसरा पक्षी घेतो, तेव्हा पुन्हा त्याच रेखाटनावर या.

डोक्यावरचे पट्टे नीट पाहून घ्या. मोठ्या कदंबाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. वरचा एका डोळ्यापासून मागून फिरून दुसऱ्या डोळ्यापर्यंत जातो, खालचा त्याहून आखूड, मानेच्या मागे. गेल्या मोसमातल्या पिल्लांना हे पट्टे नसतात, डोक्याची मागची बाजू सरसकट गडद असते. डिसेंबरच्या थव्यात अशी पिल्लं असतातच. चित्रात एक-दोन घातली की थवा खरा वाटतो.

यावलला जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत गेलो. साग पानं टाकतो, जंगल आरपार दिसायला लागतं, पळस फुलायच्या बेतात असतो. रानपिंगळ्याचं खान्देशाशी नातं जुनं आहे. पक्षीशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद मिळेना आणि तो नामशेष धरला गेला. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी अभ्यासकांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. साधा पिंगळा आणि हा यांत गल्लत होते. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर गडद रुंद पट्टी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंख-शेपटीवर ठसठशीत आडवे पट्टे, पाय दणकट आणि पिसांनी भरलेले. दिवसाढवळ्या बसतो, म्हणून रेखाटायला सोपा. आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हिवाळा ते उन्हाळा त्याचा विणीचा काळ चालतो, त्यात असा खोटा प्रतिस्पर्धी उभा करणं त्याला महागात पडतं, आणि कायद्यातही बसत नाही.

जंगलातल्या चित्रात माप पानांवरून कळतं. रानपिंगळा २३ सेंटीमीटरचा, आणि सागाचं पान ३० ते ६० सेंटीमीटर लांब. म्हणजे फांदीला अडकलेलं एक वाळकं पान त्याच्यापेक्षा मोठं असतं, आणि चित्रातही ते तसंच यायला हवं. बहुतेक चित्रांत पानं तळहाताएवढी काढलेली असतात, आणि पिंगळ्याचं घुबड होतं. खोडाच्या आणि पक्ष्याच्या रंगाची गडदता जवळपास सारखीच असते. त्याला वेगळा उठवायचा मोह टाळावा. पाठीची कड सालईच्या राखाडी सालीत विरघळू द्यावी, धारदार कडा फक्त पिवळ्या डोळ्याभोवती आणि पांढऱ्या पोटाला. माणसाची नजर तेवढ्यावर पोचते.

मार्चमध्ये घरातलं काम सुरू झालं. कागद शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत. ५६×७६ सेंटीमीटरचा पूर्ण ताव साडेपाचशेला पडला, एका तावात दोन चित्रं. सेल्युलोजच्या कागदाने दीडशे-दोनशे रुपये वाचतात, पण त्यावरून रंग उचलायला गेलं की साल निघते. कागद पाच-सात मिनिटं पाण्यात ठेवून प्लायवर गमटेपने (ओली करून चिकटवायच्या कागदी टेपने) चारही बाजूंनी ताणला आणि आडवाच वाळू दिला. उभा केला तर पाणी खालच्या कडेला उतरतं आणि तिथली टेप सुटते.

रंग मोजकेच: अल्ट्रामरिन (पीबी २९), कोबाल्ट ब्लू (पीबी २८), यलो ऑकर (पीवाय ४३), बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर (दोन्ही पीबीआर ७), क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९), चोचीपायांसाठी कॅडमियम ऑरेंज (पीओ २०). ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा. जुना अलिझारिन क्रिमसन (पीआर ८३) भिंतीवर काही वर्षांत उडतो. काळा विकतचा घेत नाही. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की जो काळा होतो तोच पातळ केल्यावर कदंबाचा राखाडी देतो, आणि चित्र एका उजेडात राहतं.

पाण्याचा मुद्दा कुणी सांगत नाही. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की वॉशमध्ये रंगाचे कण गोळा होऊन आकाशावर चट्टे येतात. आरओचं पाणी वापरलं की प्रश्न मिटतो.

खरी लढाई उन्हाशी. भुसावळ-जळगावकडे एप्रिलपासून पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठाक. आकाशाचा सलग वॉश अर्ध्यावर पोचेपर्यंत वरची कड वाळून रेघ पडते. यावर तीन उपाय चालले. सकाळी सहा ते नऊ या वेळेतच मोठे वॉश. वॉशआधी कागद दोनदा भिजवायचा, पहिलं पाणी मुरू द्यायचं आणि दुसऱ्यावर रंग. आणि कूलर चालू ठेवायचा, पण झोत भिंतीकडे वळवून. खोलीत दमटपणा हवा, कागदावर वारा नको. काही जण पाण्यात ग्लिसरीन घालतात. वाटीभर पाण्यात दोन-तीन थेंबांपुढे गेलं की कागद चिकट राहतो, धूळ बसते आणि पावसाळ्यात तो ओल धरतो. मास्किंग फ्लुइड (जागा कोरी राखायला लावायचं रबरी द्रव) या दिवसांत त्याच दिवशी काढलंच पाहिजे. उन्हाने ते कागदात भिनतं आणि काढताना कागदाची साल घेऊन येतं.

चित्राआधी पत्त्याएवढ्या आकाराची तीन-चार छोटी रेखाटनं, फक्त तीन छटांत: कोरा, मध्यम, गडद. त्यात चित्र उभं राहिलं नाही तर मोठ्या कागदावरही राहत नाही. मग ट्रेसिंगवरून हलकी रेघ उतरवायची. क्रम असा ठेवला: कदंबांच्या पांढऱ्या माना-डोक्यांवर मास्किंग, आकाश वरून निळसर, खाली यलो ऑकरची ऊब, ते ओलसर असतानाच सातपुडा, कोबाल्ट आणि किंचित रोझ, वरची कड मऊ, वाळल्यावर पलीकडचा काठ, मग पाणी एका दमात, मग गाळ, हरभरा सगळ्यात शेवटी. सातपुड्यावर एकदा हात फिरला की फिरला. तिथे दुसरा थर दिला तर डोंगर पुढे सरकतो, आणि धुक्याचं अंतर पुन्हा मिळत नाही. पहिला वॉश टाकायच्या आधी हात थरथरतो, तो अजूनही थरथरतो.

प्रतिबिंब उलटं करून उतरवायचं नसतं. पाण्यातून पक्षी खालून पाहिल्यासारखा दिसतो, म्हणजे पोट जास्त, पाठ कमी. पांढऱ्या मानेचं प्रतिबिंब मानेपेक्षा एक छटा गडद, काळ्या पट्ट्याचं एक छटा फिकं. वाऱ्याची लहर असेल तर ते आपल्याकडे लांबत येतं, बाजूंना पसरत नाही.

कदंबाचं अंग एकाच पातळ राखाडीत, पाठीवरची उन्हाची कड कोरी सोडून. ओलं असतानाच पोटाखाली गाळाचा उबदार रंग सोडायचा; ओली जमीन खालून उजेड परत फेकते, आणि पक्षी जागेला बांधला जातो तो या एका फटकाऱ्याने. वाळल्यावर मानेची गडद मागची बाजू, कुशीवरचा तपकिरी भाग, पंखांची टोकं. प्रत्येक पिसाला फिकी किनार असते, म्हणून पाठीवर आडव्या लाटा दिसतात. त्या चार-सहा जागी सुचवल्या की पुरे. डोक्यावरचे पट्टे आणि डोळा शेवटी, तीन नंबरच्या टोकदार ब्रशने. पांढरा ग्वाश (अपारदर्शक जलरंग) फक्त डोळ्यातल्या ठिपक्यापुरता. त्याने मान रंगवली तर ती खडूने सारवल्यासारखी निळसर दिसते.

फ्रेमिंग पावसाळ्याच्या तोंडावर उरकलं. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी लिहूनच दिल्या: माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लमुक्त, काच चित्राला टेकता कामा नये, मागे सेलोटेप लावायची नाही. चित्र माउंटला फक्त वरच्या कडेला कागदी बिजागऱ्यांनी टांगायचं, म्हणजे हवेतल्या ओलीने कागदाला वरखाली व्हायला जागा राहते. चारही बाजूंनी चिकटवलं की जुलैत लाटा येतात. मागची फट कागदी टेपने बंद करावी, नाहीतर कसर लागते. ३८×५६ च्या चित्राला दोन मिलिमीटर काच आणि सागवानी पट्टी धरून प्रत्येकी चौदाशे रुपये पडले. सगळी चित्रं धरली तर खर्चात हाच आकडा सर्वात मोठा, तो आधीच बाजूला काढून ठेवा. फ्रेम करण्याआधी चित्रांचे फोटो सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास काढून घेतले. स्कॅनरवर फिके वॉश उडून जातात.

चित्राखालच्या पट्टीवर पक्ष्याचं नाव, महिना आणि माध्यम. हतनूरचं नाव द्यायला हरकत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. रानपिंगळ्याच्या चित्राखाली मात्र 'सातपुडा, फेब्रुवारी' एवढंच लिहिलं. झाड, नाला, वनखात्याचा कंपार्टमेंट क्रमांक काही नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्या ढोलीखाली गर्दी होते. वाटाड्यालाही तसं सांगून ठेवलं, त्याला ते आधीच माहीत होतं.

प्रदर्शनाच्या सभागृहाचं भाडं दिवसाला तीन हजार, वर पाच हजार अनामत. आरक्षण मार्चमध्येच केलं, कारण मे महिन्यात लग्नं आणि जूनमध्ये शाळांचे कार्यक्रम. भिंतीत खिळे चालणार नाहीत हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, म्हणून साखळ्या आणि आकडे आपले घेऊन जावे. दिवे पिवळे असतील तर चार पांढरे बल्बही. अनामत परत घ्यायला मूळ पावती, रद्द केलेला चेक आणि हॉल जसाच्या तसा परत दिल्याची वॉचमनची सही लागते. सही त्याच रात्री घ्या, सकाळी पाळी बदललेली असते.